दोन बेटं, मध्ये समुद्र: एका जातीच्या दोन जाती करण्याच्या नोंदी

३ फेब्रुवारी

सुरुवात. करायचंय काय ते आधी लिहून ठेवते, नाहीतर दोन आठवड्यांनी मीच विसरेन. कॉम्प्युटरवर दोन बेटं करायची, दोन्हीवर एकाच जातीची पाखरं सोडायची, मध्ये समुद्र ठेवायचा आणि हजारो पिढ्या चालवून बघायचं की एका जातीच्या दोन होतात का, आणि झाल्याच तर नक्की कितव्या पिढीला झाल्या असं बोट ठेवता येतं का. पाखरं म्हणजे अर्थातच फिंच, बिया खाणारे चिमणीएवढे पक्षी. डार्विन १८३५ साली पॅसिफिकमधल्या गॅलापागोस बेटांवर गेला तेव्हा ही सगळी एकाच घराण्यातली आहेत हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं, कुठला पक्षी कुठल्या बेटावर मारला हेही त्याने नीट लिहून ठेवलं नव्हतं, ते १८३७ मध्ये जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञाने लंडनमध्ये नमुने बघून सांगितलं की बाबा हे सगळे फिंचच आहेत, फक्त जाती वेगवेगळ्या आहेत. हे वाचून फार बरं वाटलं. लेबल न लावायची खोड थोरामोठ्यांनाही होती म्हणायची.

५ फेब्रुवारी

आकडे कुठून आणायचे हा प्रश्न होता, तो ग्रँट दांपत्याने सोडवला. पीटर आणि रोझमेरी ग्रँट १९७३ पासून गॅलापागोसमधल्याच डाफ्ने मेजर नावाच्या एका चिमुकल्या बेटावर दरवर्षी जाऊन प्रत्येक फिंचच्या पायात कडी घालून चोच मोजत होते. १९७७ ला तिथे पाऊसच पडला नाही. बारीक बी संपलं, उरलं ते गोखरूच्या भाईबंदांचं काटेरी कडक फळ, आणि ते फोडायला जाड चोच लागते. बहुतेक पाखरं मेली, जी जगली त्यांची चोच सरासरीने अर्धा मिलिमीटर जाड होती, आणि चोच बऱ्याच अंशी आईबापांकडून येत असल्याने पुढच्या पिढीची चोचही जाड निघाली. मग १९८३ मध्ये एल निन्योचा धो धो पाऊस, बारीक बियांची चंगळ, आणि निवड उलटी फिरून बारीक चोचवाल्यांकडे झुकली.

तर माझं मॉडेल असं: दर बेटावर ५०० पाखरं, चोचीची जाडी १० जीन्सवर ठरते, पहिल्या बेटावर ९ मिमी चोच सगळ्यात फायद्याची, दुसऱ्यावर ११. त्यापासून जितकं लांब तितकी पिल्लं कमी. सगळी सुरुवातीला १० वर. आजच्यापुरतं पुरे.

९ फेब्रुवारी

काहीतरी गडबड आहे. २००० पिढ्या झाल्या तरी दोन्ही बेटांवरची सरासरी १० मिमीच्या आसपासच घुटमळतेय. निवड दुप्पट कडक केली, तरी तेच. म्युटेशनचा, म्हणजे जीन्स आपोआप बदलण्याचा, दर वाढवला, तरी तेच. रात्री उशिरा लक्षात आलं की सरासरी नुसती जवळ नाहीये, तिसऱ्या दशांशापर्यंत सेम आहे, प्रत्येक पिढीला. असं खऱ्या जगात होत नाही आणि माझ्या कोडमध्ये तर मुळीच व्हायला नको कारण मध्ये समुद्र आहे.

१० फेब्रुवारी

मध्ये समुद्र नव्हता!! पायथनमध्ये (मी कोड लिहिते ती भाषा) लिस्टच्या आत लिस्ट ठेवून तिला दोनाने गुणलं की दोन लिस्ट होत नाहीत, एकाच लिस्टला दोन नावं मिळतात. म्हणजे माझी बेट एक आणि बेट दोन ही एकच जागा होती, तीच ५०० पाखरं आधी ९ कडे ओढली जायची आणि लगेच ११ कडे, आणि बिचारी मध्येच अडकून बसायची. चार दिवस मी दोन बेटांची तुलना करत होते आणि मेमरीत बेट एकच.

हसू आलं पण खरं सांगायचं तर हा रन फुकट गेला नाही. दोन वेगवेगळे ताण एकाच मिसळत्या कळपावर आले तर काय होतं ते फुकटात दिसलं: काही होत नाही, सरासरी मधोमध राहते. मोरिट्झ वाग्नर १८६८ मध्ये डार्विनला हेच सांगत होता की आधी पाखरं एकमेकांपासून तुटली पाहिजेत, नाहीतर दर पिढीला मिसळून सगळं धुऊन जातं. डार्विनला ते पूर्ण पटलं नाही. (आणि तो अगदीच चुकला होता असंही नाही, पुढे बघू.)

१४ फेब्रुवारी

आता नीट. लिस्ट वेगळ्या केल्या आणि जेमतेम काही शे पिढ्यांत एक बेट ९ ला, दुसरं ११ ला. ग्राफवर दोन रेघा मस्त फाकलेल्या दिसतायत. मैत्रिणीला स्क्रीनशॉट पाठवला, ही घे नवी प्रजाती. तिचं उत्तर आलं, "अगं पण यांना एकत्र ठेवलं तर पिल्लं होतात का?"

होतात. का नाही होणार, मी कोडमध्ये कुठे म्हटलंय की होणार नाहीत. एर्न्स्ट मायर या जीवशास्त्रज्ञाने १९४२ मध्ये जी व्याख्या रुळवली ती हीच आहे की जे आपापसात प्रजनन करतात आणि इतरांपासून प्रजननाच्या बाबतीत तुटलेले असतात तो गट म्हणजे प्रजाती. माझ्याकडे दोन मापांच्या चोची आहेत, बस. प्रजाती शून्य.

१५ फेब्रुवारी

सकाळी एक ओळ टाकली: दोन पाखरांच्या चोचीत दीड मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर अंडं उबणार नाही. संध्याकाळपर्यंत दोन झकास प्रजाती तयार. रात्री ती ओळ काढून टाकली. हे म्हणजे उत्तर आधीच प्रश्नात लिहून ठेवण्यासारखं झालं, आणि चोच जाड असल्याने अंडं का उबू नये याला माझ्याकडे काही कारणही नव्हतं.

१८ फेब्रुवारी

मोठी नोंद, कारण तीन दिवस मी एकाच कोड्यात अडकले होते आणि आत्ता सुटलंय.

कोडं असं. हायब्रिड, म्हणजे दोन जातींच्या संकराचं, पिल्लू मरतं किंवा वांझ निघतं, तर ही गोष्ट निवडीतून तयार कशी होईल? समजा एका जागी 'अ' असा जीन आहे आणि दुसऱ्याच्या अंगात त्याच जागी 'ब', आणि दोन्ही एकत्र आले की पिल्लू मरतं. मग पहिल्यांदा ज्या पाखरात अ चा ब झाला त्याच्या अंगात अ आणि ब दोन्ही असणार, म्हणजे ते स्वतःच मेलं. नवा जीन पहिल्याच पायरीवर खड्ड्यात. वांझपणाला फायदा कसला, नैसर्गिक निवड त्याला उचलून धरेलच कशी? डार्विनलाही हे टोचत होतं, १८५९ च्या पुस्तकात त्याने संकरांवर अख्खं प्रकरण लिहिलंय.

सुटका अशी आहे की जागा एक नाही, दोन धरायच्या. कागदावर चार ओळी काढल्या तेव्हा डोक्यात शिरलं, त्या इथेच उतरवते. मूळ पाखरू: पहिल्या जागी मोठा अ, दुसऱ्या जागी मोठा ब. बेट एकवर मोठ्या अ चा छोटा अ झाला, त्याच्या सोबत मोठा ब आहे, दोघांचं जमतं, काही त्रास नाही, पसरला. बेट दोनवर अ ला कोणी हात लावला नाही पण मोठ्या ब चा छोटा ब झाला, तोही मोठ्या अ सोबत सुखाने नांदतो, तोही पसरला. दोन्ही बेटांवर एकही पाखरू मेलं नाही, कोणी खड्ड्यात उतरलं नाही. पण छोटा अ आणि छोटा ब हे दोघं एकमेकांना आजवर कधी भेटलेच नाहीत. त्यांचं जमतं की नाही हे कोणी तपासलंच नाही, कारण तपासायची वेळच आली नाही. समुद्र ओलांडून जोडी जमली की ते पहिल्यांदा एकाच अंड्यात भेटतात, आणि नाही जमलं तर नाही जमलं.

हे मला इतकं आवडलं की चहा गार झाला. म्हणजे फारकत हे कुणाचं ध्येय नाही. दोन्ही बेटं आपापला संसार बघतायत आणि त्याचा मागे राहिलेला हिशेब म्हणजे वांझ हायब्रिड. बेटसनने हे १९०९ मध्येच लिहून ठेवलं होतं पण कोणाचं लक्ष गेलं नाही, मग डोब्झान्स्कीने १९३७ मध्ये आणि म्युलरने १९४२ च्या सुमारास पुन्हा मांडलं, म्हणून तिघांचं नाव लावतात.

कोडमध्ये आता: चोचीच्या जीन्सशिवाय आणखी बऱ्याच जागा, कुठल्याही दोन बदललेल्या जीन्सचं आपसात न जमण्याची शक्यता १ टक्का, आणि प्रत्येक न जमणाऱ्या जोडीमागे अंडं उबण्याची शक्यता १० टक्क्यांनी कमी. चोचीचे जीन्सही या यादीत घेतलेत, कारण जीन एकच काम करतो असं सहसा नसतं.

२३ फेब्रुवारी

पुन्हा बगचा, म्हणजे कोडमधल्या चुकीचा, संशय. दर १०० पिढ्यांनी दोन बेटांवरची थोडी पाखरं बाजूला घेऊन खोटं लग्न लावते आणि किती अंडी उबली ते मोजते (मूळ बेटांना धक्का न लावता). ग्राफ कितीतरी वेळ सपाट, सगळी अंडी व्यवस्थित, आणि मग एकदम धाडकन खाली. म्युटेशनचा दर तोच, सगळं तेच, मग वेग वाढला कशाने? पहिल्या बगचा धसका घेतल्यामुळे दोन दिवस लिस्ट तपासत बसले.

२५ फेब्रुवारी

बग नाहीये, गणित आहे. अकरावा बदल झाला की तो आधीच्या दहा बदललेल्या जागांपैकी कुठल्याही जागेवर अडखळू शकतो, कारण तिथे समोरच्या बेटावर वेगळं अक्षर आहे. एकविसावा बदल वीस जागांवर अडखळू शकतो. म्हणजे बदल सरळ रेषेत वाढतात पण भांडणाच्या शक्यता जोड्यांनी वाढतात: १० बदलांना ४५ जोड्या, २० ला १९०, ४० ला ७८०. माझ्या १ टक्क्याने १० बदलांवर अर्धं भांडणसुद्धा नाही, ४० वर जवळजवळ आठ. ॲलन ऑरने १९९५ मध्ये हे दाखवलं होतं, याला स्नोबॉल म्हणतात, आणि २०१० मध्ये फळमाश्या आणि टोमॅटोच्या कुळातल्या झाडांमध्ये प्रत्यक्ष मोजूनही तसंच सापडलं.

आता 'कितव्या पिढीला प्रजाती झाली' या माझ्या मूळ प्रश्नाचं काय करायचं कळत नाही. बोट ठेवायला जागाच नाही, उतार आहे नुसता. सोय म्हणून ५० टक्के अंडी ही रेघ मारली, पण ती मी मारलीय, पाखरांनी नाही.

खऱ्या जगात असा उतार दिसतो का शोधत होते तर पनामा सापडलं. साधारण ३० लाख वर्षांपूर्वी पनामाची जमीन वर येऊन पूर्ण जोडली गेली आणि एका समुद्राचे दोन झाले, कॅरिबियन एकीकडे, पॅसिफिक दुसरीकडे. नॅन्सी नोल्टनने आणि तिच्या सहकाऱ्यांनी दोन्ही बाजूंच्या चटकन नांगी वाजवणाऱ्या कोळंब्यांच्या बहिणी-बहिणी जाती घेतल्या आणि नर-मादी एका भांड्यात ठेवले. प्रेमाऐवजी नांग्या. आणि ज्या जोडीच्या जीन्समधलं अंतर जास्त त्यांचा एकमेकांवरचा राग जास्त. १९९३ चा पेपर. सगळ्या जोड्या एकाच दिवशी तुटल्या नव्हत्या हेही त्यातून दिसतं, खोल पाण्यातल्या आधी, किनाऱ्याच्या चिखलातल्या सगळ्यात शेवटी, कारण पाणी उथळ होत गेलं तसा खोलवरचा रस्ता आधी बंद झाला. म्हणजे एक जमीन वर आली आणि प्रत्येक जातीसाठी दार वेगळ्या वेळी लागलं. माझ्या कोडमध्ये समुद्र एका ओळीत चालू होतो.

१ मार्च

कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचा निवडीत फरक नसलेला रन, घ्यायला विसरले होते, मैत्रिणीने परत पकडलं. दोन्ही बेटांवर ९ मिमीच फायद्याची असेल तर? नुसत्या ताटातुटीने प्रजाती होते की निवड लागतेच?

होते, पण रडतखडत. वेगवेगळी चोच हवी असलेली बेटं सुरुवातीला बरीच पुढे पळतात, मग चोच ठरलेल्या मापाला पोचली की त्यांचाही वेग मंदावतो आणि दोन्ही रेघा जवळपास समांतर चालतात. म्हणून आता लक्ष्य दर २०० पिढ्यांनी थोडं हलवते, दुष्काळ आणि पाऊस आलटून पालटून, डाफ्नेसारखं. तसं केलं की बदल थांबत नाहीत.

याच धर्तीचा खरा प्रयोग डायान डॉडने केला होता, १९८९ मध्ये छापून आला. फळमाश्यांच्या आठ टोळ्या, चार स्टार्चवर वाढवल्या, चार माल्टोज या साखरेवर, वर्षभराहून जास्त काळ. मग एकत्र सोडल्या तर स्टार्चवाल्या माश्या स्टार्चवाल्यांशीच जोडी जमवायला जास्त बघतात. गंमत पुढे आहे: एकाच अन्नावरच्या दोन वेगळ्या टोळ्या एकमेकींना परकं मानत नाहीत, जरी त्याही तितकाच काळ वेगळ्या होत्या. जोडीदार निवडायची सवय कोणी शिकवली नव्हती, ती पचनाच्या बदलासोबत कुठूनतरी आली.

५ मार्च

समुद्र गळका केला. दर पिढीला ५ पाखरं इकडून तिकडे.

चोची तरीही वेगळ्याच राहिल्या, कारण ११ वाला ९ च्या बेटावर आला तर त्याला पिल्लंच फार होत नाहीत, निवड त्याला उभं राहू देत नाही. ग्राफ बघून वाटलं वा, समुद्राची गरजच काय. पण अंड्यांचा ग्राफ उघडला तर ठार सपाट, भांडणं जवळपास शून्य. वरून बघितलं तर दोन जाती, आतून एकच. कारण छोटा अ वाढायला लागला की पलीकडून छोटा ब येतो, दोघांची पिल्लं मरतात, आणि जो संख्येने कमी असतो त्यालाच नको तो जोडीदार मिळायची शक्यता जास्त, म्हणून तोच पुसला जातो. दोघांना कधी भेटू न देणं हीच तर सगळी युक्ती होती.

५ चं १ केलं, तरी फार फरक नाही. सीवल राइटने १९३१ मध्येच म्हटलंय की पिढीला एक पाहुणा आला तरी दोन टोळ्या फार लांब जाऊ शकत नाहीत, आणि टोळी ५०० ची असो की ५०,००० ची, उत्तर तेच. हे मला पटत नव्हतं म्हणून ५००० ची टोळी करून बघितली. लॅपटॉप विमानासारखा आवाज करायला लागला पण राइट बरोबर निघाला.

९ मार्च

रन मध्येच बंद पडला, सेव्ह केलं नव्हतं. काही लिहायचं नाही.

१२ मार्च

आता उलटं. ३००० पिढ्या पूर्ण वेगळं ठेवायचं आणि मग समुद्र आटवायचा. २० रन लावले, फक्त रँडम सीड वेगळं (सीड म्हणजे ज्या आकड्यापासून कॉम्प्युटर योगायोग काढतो तो, पाखरांच्या खाण्याचं बी नाही, मी स्वतःच एकदा गोंधळले).

७ रनमध्ये दोन्ही टोळ्या परत एक झाल्या. ३००० पिढ्यांचा संसार काही शे पिढ्यांत मोडला. भांडणं दोन-चारच होती तिथे हे झालं, न जमणारे जीन्स गाळून टाकले आणि बाकी मिसळून मोकळे. हे वाईट वाटावं असं काही नाही पण वाटलं. व्हिक्टोरिया सरोवरातल्या सिक्लिड माशांचं असंच आहे, शेकडो जाती, आणि तिथल्या माद्या नराचा रंग बघून आपला कोण ते ठरवतात. पाणी गढूळ झालं तसा रंग दिसेनासा झाला आणि जातींमधल्या सीमा पुसट व्हायला लागल्या, सीहाउझनने १९९७ मध्ये दाखवलं. जीन्सची भांडणं नव्हतीच फारशी, नुसत्या नजरेवर टिकलेलं होतं ते.

१६ मार्च

मग मी गाणं टाकलं. फिंचमध्ये नर बापाचं गाणं ऐकून शिकतो आणि मादी बापासारखं गाणाऱ्याकडे जाते. आणि जाड, ताकदवान चोच भरभर उघडमीट करता येत नाही म्हणून जाड चोचीचा पक्षी संथ गातो, जेफ्री पोडोसने २००१ मध्ये हे मोजलं होतं. म्हणजे दुष्काळाने बियांसाठी चोच बदलली, आणि कोणी न मागता गाणंही बदललं, आणि गाणं बदललं की लग्नं बदलली. १५ फेब्रुवारीला मी चोचीच्या फरकावरून अंडं मारत होते ते खोटं होतं, पण चोचीच्या फरकावरून लग्नच न जमणं हे खरं निघालं. थोडक्यात हुकलं होतं माझं!

गाण्यासह तेच २० रन: एक झालेल्या टोळ्या ७ वरून २.

आणि डाफ्नेवरची ती गोष्ट आता नीट कळली. १९८१ मध्ये एक मोठा नर कुठूनसा आला, नंतर जीन्स बघून कळलं की १०० किलोमीटरहून लांबच्या एस्पान्योला बेटावरचा. त्याची चोच वेगळी, गाणं वेगळं. त्याने तिथल्या मादीशी घर केलं, पिल्लांनी बापाचं परकं गाणं उचललं, आणि दोन-तीन पिढ्यांत ती मंडळी फक्त आपापसातच जोड्या जमवायला लागली, आजूबाजूला इतर फिंच असताना, त्याच बेटावर. २००३ ते ०५ च्या दुष्काळात त्यांच्यातले फक्त एक भाऊ-बहीण उरले आणि वंश पुन्हा त्या दोघांपासून वाढला. जीन्सचा अभ्यास २०१७ मध्ये आला. मध्ये समुद्र नाही, हजारो पिढ्या नाहीत, कुंपण घातलं ते गाण्याने. याला प्रजाती म्हणायचं की नाही यावर वाद घालणारे घालतील, मला तो वाद ५० टक्क्यांच्या रेघेसारखाच वाटतो.

तरी वाग्नर पूर्ण चूक असंही म्हणवत नाही. तो नर तसा परका झाला होता तो दुसऱ्या बेटावर वाढल्यामुळेच ना.

२१ मार्च

रन १४. समुद्र आटल्यानंतर दोन टोळ्या एक व्हायला हव्या होत्या किंवा दोन राहायला हव्या होत्या. तीन गठ्ठे दिसतायत. ९ वाले, ११ वाले, आणि मध्ये १०.२ च्या आसपास साठेक पाखरांचा एक घोळका, ज्याचं गाणं दोघांसारखं नाही आणि जो ४०० पिढ्या झाल्या तरी कोणात मिसळत नाहीये. मधल्या मापाचं बी मी कुठल्याच बेटावर ठेवलेलं नाही, मग हे खातायत काय?

मैत्रिणीला अजून सांगितलं नाही. आधी लिस्ट खरंच वेगळ्या आहेत का ते बघते.